पेढीवाल्याची तसबीर कशी वाचावी

हँबर्गच्या मुख्य रेल्वे स्थानकाला लागूनच कुन्स्टहाले हे चित्रसंग्रहालय आहे. पहिल्यांदा गेलो ते जर्मन चित्रकार फ्रीडरिखचा धुक्यावरून पाहणारा पाठमोरा माणूस बघायला. तो बघितला, फोटो काढला, आणि परतताना तीन लहान मुलांच्या एका मोठ्या चित्रासमोरून दहा सेकंदांत पुढे सरकलो. गुबगुबीत गाल, सूर्यफुलं, पांढरं कुंपण. वाण्याच्या कॅलेंडरवर शोभेल असं वाटलं. बाहेर कॉफी घेताना लेक म्हणाली, "बाबा, ती एका व्यापाऱ्याची मुलं होती. तुमच्याच लायनीतली."

माझी लाइन म्हणजे कर्जविभाग. सत्तावीस वर्षं व्यापाऱ्यांच्या फायली पाहिल्या. कागद ठीक असले तरी घरी आणि गाळ्यावर पाहणीला जावंच लागतं. गल्ल्यामागे हार घातलेला आजोबांचा फोटो, कोपऱ्यातल्या मालावरची धूळ, मुलगा बापासमोर खुर्चीवर बसतो की उभा राहतो, हे सगळं ताळेबंदात नसतं. पण पत त्यातच कळते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून गेलो आणि ते चित्र तसं पाहिलं. तेव्हापासून साधारण १७९० ते १८४० या काळातली व्यापाऱ्यांची चित्रं मी पुढे सांगतो त्या क्रमाने बघतो. कलेच्या इतिहासात या काळाला रोमँटिक म्हणतात, पण खाली येणारे सगळेच चित्रकार स्वतःला तसं म्हणवणारे नव्हते. फ्रेंच चित्रकार अँग्रला तर राग आला असता.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. तेव्हाचा व्यापार नावावर चाले. मर्यादित जबाबदारीची कंपनी ही सोय अजून सर्रास नव्हती. पेढी बुडाली तर भागीदाराचं घरही जाई. हुंडी स्वीकारणारा परगावी बसलेला असे, आणि त्याच्याकडे धरून ठेवायला फक्त एक नाव असे. अशा माणसाच्या दिवाणखान्यातलं चित्र म्हणजे भिंतीला टांगलेली पत. त्यामुळे 'चित्र सुंदर आहे का' हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. हा माणूस कोणाला, कशाचा भरवसा देतोय, ते शोधा.

आधी फक्त साल आणि गाव

चित्राखालची पाटी पूर्ण वाचू नका. दोनच गोष्टी घ्या: साल आणि गाव. मग त्या साली त्या गावात काय विकलं जात होतं, एवढं फोनवर बघून घ्या. हँबर्ग असेल तर बंदर आणि समुद्रापारचा माल. कोपनहेगन असेल तर घाऊक व्यापार. चीनमधलं कँटन असेल तर चहा, आणि चहाच्या बदल्यात काय, ते पुढे येईलच. पाटीवरची उरलेली माहिती शेवटी वाचायची. आधी वाचली की डोळे आपलं काम सोडून देतात.

घरबसल्या करणार असाल तर संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच चित्र घ्या, मोठ्यात मोठ्या आकारात. कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने आपली जुनी चित्रं मोकळी करून ठेवली आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या प्रतींत कडा कापलेल्या असतात, आणि या प्रकारच्या चित्रात निम्मी गंमत कडेलाच असते.

नजरेची रेघ शोधा

चित्रातलं क्षितिज किंवा लांब जाणाऱ्या रेघा जिथे मिळतात ती उंची पकडा. चित्रकाराने तुम्हाला तिथे उभं केलेलं असतं.

मी आधी घाईत ओलांडलेलं मुलांचं चित्र म्हणजे जर्मन चित्रकार फिलिप ओटो रुंगेचं 'हुल्सेनबेक मुलं', १८०५-०६ चं. कापड जवळजवळ चौरस, उंची १३१ आणि रुंदी १४३ सेंटिमीटरच्या आसपास. यातली नजरेची रेघ मुलांच्या उंचीवर आहे. मोठा माणूस समोर ताठ उभा राहिला तर काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. मी सरळ खाली बसलो. दालनातल्या रखवालदार बाई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या, मग त्यांनी मान वळवली. बहुधा असे बसणारे त्यांनी आधीही पाहिले असावेत.

खाली बसल्यावर ती मुलं एकदम राक्षसासारखी मोठी होतात. मधला ऑगस्ट, चार वर्षांचा, चाबूक उगारून थेट तुमच्याकडे बघतो. धाकटा फ्रीडरिख गाडीत बसलाय आणि त्याने सूर्यफुलाच्या झाडाचं पान मुठीत गच्च धरलंय. मोठी मारिया, पाच वर्षांची, चालता चालता मागे वळून त्याच्यावर लक्ष ठेवते. कुंपण मात्र विचित्र आहे. इतक्या झपाट्याने आक्रसत घराकडे जातं की घर मुलांपुढे खेळण्यातलं वाटतं. दुसऱ्या बाजूला, झाडीपलीकडे, दूरवर हँबर्गचे मनोरे.

आता हिशोब जुळवा. ही जागा आइम्सब्युटेलची, म्हणजे तेव्हाच्या शहराच्या वेशीबाहेरचं खेडं. हँबर्गच्या वेशीचे दरवाजे रात्री बंद होत, आणि ऐपत असलेले व्यापारी उन्हाळ्यात बाहेर बागेतल्या घरात राहायला जात. मुलांचा बाप फ्रीडरिख ऑगस्ट हुल्सेनबेक हा चित्रकाराच्या भावाचा, डानिएल रुंगेचा, पेढीतला भागीदार. धंदा त्या मनोऱ्यांपाशी आहे आणि चित्रात तो अंगठ्याच्या नखाएवढा. बाप चित्रात नाहीच. भागीदाराच्या भावाने पेढीची पुढची पिढी रंगवली, तीही अशी की पुढ्यातल्या माणसाला गुडघे टेकावे लागावेत. तारण म्हणून यापेक्षा भक्कम काय दाखवणार?

एक चूक टाळा. "निरागस बालपण" म्हणून इथेच थांबू नका. तो चाबूक बघा, ती मूठ बघा. ही मुलं गोड आहेत, पण गरीब गाय अजिबात नाहीत.

कपडे पटकन, हात सावकाश

कपड्यांवर फार वेळ घालवू नका. या काळात पुरुषांच्या अंगावरून जर, रेशीम आणि पावडर लावलेला टोप गेला आणि काळी-निळी लोकर आली. फक्त गळ्याचं पांढरं कापड बघा. ते रोज धुवून, खळ घालून, कोणीतरी इस्त्री केलेलं असतं. श्रीमंती तिथे आहे. रशियात मात्र उलट बघायचं: तिथले जुन्या वळणाचे व्यापारी दाढी आणि लांब अंगरखा सोडत नसत, आणि सरकारी पदक गळ्यात रिबिनीने लटकवत. कपडा परंपरेचा, पदक दरबाराचं.

हातांना मात्र वेळ द्या. हात काढणं अवघड, म्हणून महागही. तिकडे अमेरिकेत न्यू इंग्लंडमध्ये विल्यम मॅथ्यू प्रायर नावाच्या चित्रकाराने १८३१ मध्ये चक्क जाहिरात दिली होती की सावली-छटा न घालता सपाट चेहरा हवा असेल तर पाव किमतीत करून मिळेल. म्हणजे चित्रात काय आहे यावरून गिऱ्हाइकाने किती मोजले याचा अंदाज बांधता येतो. लंडनमध्ये कापडाची मापंच ठरलेली होती आणि दर मापावर लागे: तीस बाय पंचवीस इंच म्हणजे डोकं-खांदे, पन्नास बाय चाळीस म्हणजे कमरेखालपर्यंत, पायांसकट अख्खा माणूस हवा तर आठ फुटांच्या जवळ जायचं. माप पाटीवर सेंटिमीटरमध्ये असतं. अडीचने भागून इंच काढा.

हातांचा धडा घ्यायचा तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात. अँग्रचं १८३२ चं 'बेर्तां महाशय'. हा वर्तमानपत्राचा मालक, 'जुर्नाल दे देबा'चा. तेव्हाच्या पॅरिसमध्ये पत्र चालवणं हा मोठा धंदा होता. अँग्रला बैठक काही केल्या सापडत नव्हती. शेवटी गप्पा मारताना बेर्तां सहज जसा बसला तसाच त्याने तो पकडला अशी हकीकत आहे. दोन्ही हात मांड्यांवर, बोटं फाकलेली, पंज्यांसारखी. वजन पुढे. जाकीट पोटावर ताणलेलं, खाली घड्याळाची साखळी. मागे काही नाही, नुसता सोनेरी-तपकिरी रंग.

आता खुर्चीच्या हाताकडे या. लाकडाच्या गोलाईवर एक छोटी चकाकी आहे. नीट बघितलं तर ती खिडकी आहे, चौकटीसकट. खोलीतली एवढी एकच वस्तू अँग्रने दाखवली, तीही प्रतिबिंबात. बेर्तांच्या लेकीला म्हणे हे चित्र पसंत नव्हतं. बापाचा लठ्ठ शेतकरी करून टाकला असं तिचं म्हणणं. मला विचाराल तर ज्याच्या परतफेडीची एक रात्रही चिंता करू नये असा हा माणूस आहे. फक्त व्याजदरावर घासाघीस करायला त्याच्यासमोर बसायची वेळ येऊ नये.

कागद वाचा

चित्रात पत्र, वही, लखोटा, नकाशा काहीही असेल तर जवळ जा आणि अक्षरं लागतात का बघा. चित्रकार ती उगाच काढत नाहीत.

इंग्रज चित्रकार थॉमस लॉरेन्सने १८०६-०७ मध्ये लंडनच्या बेअरिंग पेढीचे तीन भागीदार एका चित्रात बसवले: सर फ्रान्सिस बेअरिंग, त्यांचा भाऊ जॉन आणि जावई चार्ल्स वॉल. टेबलावर खतावणी उघडी आहे, आणि पानावर नाव आहे होप आणि कंपनीचं. होप म्हणजे ॲमस्टरडॅमची पेढी. १८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना दीड कोटी डॉलरला विकत घेतलं, तेव्हा त्याचे रोखे बाजारात नेणाऱ्या याच दोन पेढ्या. खंडाचा एवढा मोठा तुकडा ज्या व्यवहारात हातोहात गेला, तो चित्रात वहीचं एक पान होऊन येतो. सर फ्रान्सिसना ऐकू कमी यायचं. ते कानामागे हात धरून बसलेत. चित्रकाराला ते सहज लपवता आलं असतं; पण लपवलं नाही आणि त्यामुळेच तीन माणसं खरोखर काहीतरी बोलत बसली आहेत असं वाटतं.

कधी मजकूर कापडावरच असतो. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात स्पॅनिश चित्रकार गोयाने काढलेलं हुआन बाउतिस्ता दे मुगिरो या व्यापारी-सावकाराचं चित्र आहे. खाली लिहिलंय की हे मित्र गोयाने, वयाच्या ८१ व्या वर्षी, बोर्दोमध्ये (म्हणजे फ्रान्समध्ये), मे १८२७ मध्ये काढलं. नेहमी अशा ओळीत गिऱ्हाइकाचं वय असतं. इथे चित्रकाराचं आहे. 'मित्र' हा शब्दही फुकटचा नाही. देश सोडून परमुलखात राहणाऱ्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या धनवान देशबांधवाला, दोघांनाही त्या शब्दात काहीतरी मिळतं.

जोडीदार हरवलाय का

ही पायरी लहान पण कामाची. नवरा-बायकोची चित्रं पुष्कळदा वेगवेगळ्या कापडांवर, जोडीने काढत. रिवाजाने नवरा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला टांगत, बायको उजव्या. दोघं किंचित एकमेकांकडे वळलेली. म्हणून एखादी शेठाणी एकटीच टांगली असेल आणि तुमच्या डावीकडे रिकाम्या भिंतीला सामोरी बसली असेल, तर समजा की नवरा कुठल्यातरी लिलावात दुसऱ्या घरी गेला. बाईंच्या गळ्यात-कानात काय आहे तेही नीट पाहा. नवऱ्याने काळा कोट घालून साधेपणा मिरवायचा आणि मोती तिने वागवायचे, अशी वाटणी असे. आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोंत काय वेगळं असतं?

कोण येतंय, कोण थांबलंय

घरच्या मंडळींचं एकत्र चित्र असेल तर माणसं मोजत बसू नका. दरवाजा कुठे आहे ते बघा.

डॅनिश चित्रकार एकर्सबर्गने १८१८ मध्ये कोपनहेगनचे घाऊक व्यापारी मेंडेल लेविन नाथानसन यांचं कुटुंब रंगवलं. नाथानसन ज्यू. जन्म आल्टोनाचा, हँबर्गला चिकटलेलं पण तेव्हा डेन्मार्कच्या राजाचं गाव. डेन्मार्कमध्ये ज्यूंना नागरी हक्क मिळाले १८१४ मध्ये, चित्राच्या चारच वर्षं आधी. चित्रात आईबाप राणीची भेट घेऊन नुकते घरी परतलेत आणि घरात खेळणारी, नाचणारी मुलं त्यांना सामोरी येतात. पाटी न वाचता बघितलं तर 'आईबाबा आले!' एवढंच. साल कळल्यावर मात्र तो दरवाजा जड होतो. बाप जिथून आलाय तिथे त्याच्या बापाला कोणी उभं केलं नसतं, आणि हे दिवाणखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला कळावं अशी सोय केलेली आहे. खोली तरीही हसरी आहे. एकर्सबर्गचं कौतुक त्याचंच.

काय नाही ते लिहून काढा

कागद घ्या. या माणसाचा पैसा ज्यातून आला ती वस्तू चित्रात आहे का? बहुतेक वेळा नसते. गोदाम नाही, पिंप नाही, हमाल नाही.

याचं सगळ्यात चोख उदाहरण कँटनचं. तिथला वू बिंगज्यान, परदेशी लोकांच्या तोंडी हौक्वा, हा त्या काळच्या जगातल्या सगळ्यात श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी एक. त्याला जॉर्ज चिनरी या इंग्रजाने रंगवलं. हा चिनरी आधी मद्रास-कलकत्त्यात होता, आणि सावकारांना चुकवत १८२५ मध्ये मकावला पोचला. हौक्वाला लामक्वा या चिनी चित्रकारानेही रंगवलं. कृश चेहरा, दरबारी झगा, गळ्यात मण्यांची माळ. त्याच्या चित्रांच्या प्रती त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या अमेरिकन व्यापाऱ्यांच्या घरी गेल्या. म्हणजे बॉस्टनचा शेठ आपल्या भिंतीवर चीनमधल्या आडत्याचा चेहरा लावून पाहुण्यांना सांगत होता: माझी ओळख कोणाशी आहे बघा.

कँटनला मुंबईचे पारशीही जात, आणि येताना तिथल्या चित्रकारांकडून काचेवरची चित्रं आणि स्वतःच्या तसबिरी घेऊन येत. जमशेटजी जीजीभाई चीनला पाच वेळा जाऊन आले. त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात सोबत चिनी माणूस आहे. पगडी, पांढरा अंगरखा, शांत चेहरा. चहाच्या बदल्यात चीनला जाणारा कापूस दिसत नाही, अफू तर नाहीच. त्याच पैशातून त्यांनी लाख रुपये दिले आणि १८५७ मध्ये मुंबईत चित्रकला शाळा सुरू झाली, जिला आपण जे. जे. म्हणतो आणि जिथे मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या व्यक्तिचित्रण शिकल्या. रिकाम्या जागांची यादी करताना न्यायाधीश होऊ नका. नुसती नोंद करा. फायलीतही आम्ही 'माहिती दिली नाही' एवढंच लिहितो, पण लिहितो जरूर.

सालानंतरची दोन वर्षं बघा

आता पाटी पूर्ण वाचा आणि चित्राच्या तारखेनंतर त्या पेढीचं काय झालं ते शोधा. चित्रातल्या कोणालाच ते माहीत नसतं.

कुन्स्टहालेत रुंगेचं दुसरं मोठं चित्र आहे, १८०६ चं, त्याच्या आईवडिलांचं. जवळपास दोन मीटर उंच. वडील बाल्टिक किनाऱ्याजवळच्या वोल्गास्ट गावचे जहाजमालक आणि धान्याचे व्यापारी. दोघं म्हातारी शेजारी उभी, काळ्या कपड्यांत. आईच्या हातात गुलाब. तिचा काळा पोशाख जवळून बघितला तर सपाट काळा नाही, घड्यांवर प्रकाश सरकतो. पायांशी दोन नातवंडं फुलांशी खेळतायत, मागे पाणी आणि घरची गोदी. इथे मात्र धंदा चित्रात आहे. म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांत जराही लाडीगोडी नाही. मला ही दोघं ओळखीची वाटली: सही करण्यापूर्वी प्रत्येक पान वाचणारी.

त्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १८०६ ला फ्रेंच फौजा हँबर्गात शिरल्या. दोन दिवसांनी नेपोलियनने बर्लिनहून फर्मान काढून इंग्लंडशी व्यापार बंद केला. बंदराचा श्वासच कोंडला. डानिएलची पेढी अडचणीत आली. सूर्यफुलांचं ते चित्र तेव्हा नवंच होतं.

रुंगे १८१० मध्ये क्षयाने गेला, वय ३३. त्याच्या चित्रकारीच्या जवळजवळ सगळ्या वर्षांचा खर्च या व्यापारी भावाने सोसला होता, आणि भावाचं लिखाण गोळा करून १८४०-४१ मध्ये छापलंही त्यानेच. डानिएल कसा दिसायचा हे बघायचं असेल तर रुंगेचं १८०५ चं 'आम्ही तिघं' शोधा: चित्रकार, त्याची बायको पाउलिने आणि डानिएल. मूळ चित्र ६ जून १९३१ ला म्युनिकच्या काचमहालाला आग लागली त्यात जळालं. जुने काळे-पांढरे फोटो तेवढे आहेत. त्यातही पहिल्यापासूनच सुरुवात करा: साल, गाव, नजरेची रेघ, मग हात. रंग नसल्यामुळे कपड्यांची पायरी अर्धवट राहते, बाकी सगळ्या चालतात. जोडप्याच्या चित्रात हा तिसरा माणूस काय करतोय, असं लेकीने विचारलं. आमच्या फायलीत त्या रकान्याला 'हमीदार' म्हणतात, मी म्हटलं.